तापमानाचे रूपांतर आणि तापमानातील फरकाचे रूपांतर: सूत्रातला ३२ कधी घ्यायचा?

मापनमित्र (धागाकर्ता)

सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याची रीत शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आठवते: नवाने गुणा, पाचाने भागा आणि बत्तीस मिळवा. सूत्र बरोबर आहे. मात्र ते कोणत्या राशीला लावायचे आणि कोणत्या राशीला लावायचे नाही, हे फारसे कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे वर्तमानपत्रांतील बातम्यांपासून विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांपर्यंत एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. या धाग्यात केवळ त्या एका मुद्द्यावर सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

उदाहरण म्हणून भारतीय हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकष घेऊ. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० °से., किनारपट्टीवर ३७ °से. आणि डोंगराळ भागात ३० °से. व्हावे लागते, शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरी कमाल तापमानापेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते, आणि हा फरक ६.४ अंशांच्याही वर गेला तर लाट तीव्र समजली जाते. हाच निकष अमेरिकेतील मराठी वाचकासाठी फॅरनहाइटमध्ये लिहायचा असेल, तर एकाच वाक्यात दोन वेगळी गणिते करावी लागतात. किनारपट्टीवरील ३७ °से. म्हणजे ९८.६ °फॅ.; येथे नेहमीचे संपूर्ण सूत्र लागते. सरासरीपेक्षा अधिक असलेले ४.५ अंश मात्र ८.१ फॅरनहाइट अंश होतात, ४०.१ नव्हे. ही दुसरी संख्या कोणतेही तापमान नाही. ते दोन तापमानांमधील अंतर आहे.

शंका असल्यास ताळा करून पाहावा. समजा, रत्नागिरीत एखाद्या दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३२.५ °से. आहे आणि प्रत्यक्षात ३७.५ °से. नोंदले गेले. फॅरनहाइटमध्ये हीच दोन तापमाने ९०.५ आणि ९९.५ होतात. त्यांच्यातील फरक ९ येतो आणि ५ गुणिले ९/५ म्हणजेही ९. सूत्रातील ३२ दोन्ही तापमानांत मिळवला गेला आणि वजाबाकी करताना निघून गेला.

याचे कारण असे की फॅरनहाइट आणि सेल्सिअस या दोन मापनश्रेणी दोन बाबतींत वेगळ्या आहेत. एक म्हणजे त्यांच्या अंशाचा आकार वेगळा आहे: पाण्याच्या गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत सेल्सिअसमध्ये १०० भाग आहेत आणि फॅरनहाइटमध्ये १८०, म्हणून ९/५ हे गुणोत्तर. दुसरे म्हणजे त्यांचा शून्य वेगळ्या जागी आहे: सेल्सिअसचा शून्य बर्फाच्या वितळण्यावर, तर फॅरनहाइटचा त्याच्याही ३२ फॅरनहाइट अंश खाली. सूत्रातील ९/५ अंशाच्या आकाराचा हिशेब करतो आणि ३२ शून्याच्या जागेचा. कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून मोजली काय आणि पायथ्याच्या बारी गावापासून मोजली काय, वाटेवरील दोन टप्प्यांमधील चढ तेवढाच राहतो. तोच न्याय येथे आहे. फरक मोजताना शून्य कोठे आहे याला काही महत्त्व उरत नाही, म्हणून तेथे ३२ आणायचा नाही.

हवामानबदलाच्या बातम्यांत हा घोळ अधिक गंभीर ठरतो. २०१५ च्या पॅरिस करारात जागतिक सरासरी तापमानातील वाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीच्या तुलनेत २ अंशांच्या बरीच खाली ठेवण्याचे आणि ती १.५ अंशांवर रोखण्यासाठी प्रयत्न करण्याचे उद्दिष्ट आहे. १.५ सेल्सिअस अंशांची वाढ म्हणजे २.७ फॅरनहाइट अंशांची वाढ. तिचे ३४.७ केले, तर वाचकापुढे पृथ्वी होरपळून निघाल्याचे चित्र उभे राहते, आणि मूळ आकडा खोटा असावा असा समज करून घेण्यास त्याला कारण मिळते.

केल्विनच्या बाबतीत हाच नियम अधिक सोपा होतो. केल्विन आणि सेल्सिअस यांच्या अंशाचा आकार एकच आहे, फक्त शून्य २७३.१५ अंशांनी खाली, म्हणजे निरपेक्ष शून्यावर (ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूवर) आहे. म्हणून २५ °से. हे तापमान २९८.१५ केल्विन होते, पण २५ अंशांची वाढ ही २५ केल्विनचीच वाढ असते. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ‘प्रति किलोग्रॅम प्रति केल्विन’ लिहिली काय किंवा ‘प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस’ लिहिली काय, आकडा सुमारे ४१८६ ज्यूल हाच राहतो. अनेक विद्यार्थी अशा गणितात तापमानवाढीत २७३ मिळवून बसतात आणि एक लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सुमारे ४२ हजार ज्यूल लागतात, तेथे जवळजवळ १२ लाख ज्यूल असे उत्तर काढतात.

तोंडी हिशेबासाठी एक रीत येथेच सांगून ठेवतो, कारण ती अचूक आहे आणि दोन्ही दिशांना चालते. सेल्सिअस आणि फॅरनहाइट −४० या तापमानाला एकमेकांशी जुळतात. म्हणून दिलेल्या तापमानात आधी ४० मिळवावेत, फॅरनहाइट हवे असेल तर ९/५ ने आणि सेल्सिअस हवे असेल तर ५/९ ने गुणावे आणि शेवटी ४० वजा करावेत. २५ चे ६५, ६५ चे ११७, आणि ११७ चे ७७. उलट जाताना ७७ चे ११७, मग ६५, मग २५. (हे जुळणारे तापमान पाऱ्याच्या तापमापीवर मात्र वाचता येत नाही, कारण पारा −३८.८३ °से. लाच गोठतो; त्यासाठी अल्कोहोलची किंवा विद्युत तापमापी लागते.)

आपापल्या कामात हा फरक कोठे आडवा येतो, हे जाणकारांनी लिहावे ही विनंती.

---

अकरावी_विज्ञान

नमस्कार सर. लेख समजला. दोन शंका आहेत. पहिली, गोठणबिंदूला ३२ हाच आकडा का आला? दुसरी, कालचे तापमान २० °से. आणि आजचे ४० °से. असेल, तर आज ‘दुप्पट उष्ण’ आहे असे म्हणता येईल का? २० आणि ४० ही दोन्ही खरीखुरी तापमाने आहेत, मग भागाकार का चालू नये?

---

मापनमित्र

दोन्ही प्रश्नांचे मूळ शून्याच्या जागेतच आहे.

डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या तापमापीविषयी लेख प्रसिद्ध केला, त्यात तीन संदर्भबिंदू दिले होते. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्यांनी शून्य धरले, नुसत्या बर्फ-पाण्याचे ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराचे ९६. ३२ आणि ९६ यांच्यामधले अंतर ६४ येते, आणि ६४ ला दोनाने वारंवार भागत एकपर्यंत जाता येते. काचेच्या नळीवर हाताने खुणा करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. फॅरनहाइट यांच्या मृत्यूनंतर गोठणबिंदू ३२ आणि उत्कलनबिंदू २१२ असे दोन बिंदू पक्के करण्यात आले, आणि त्या बदलात शरीराचे तापमान ९६ वरून सरकून ९८ च्या पुढे गेले. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या श्रेणीत तर उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला १०० होते. आजची दिशा त्यांच्यानंतर रूढ झाली. या सर्व जागा माणसांनी सोयीसाठी निवडलेल्या आहेत, हे येथे महत्त्वाचे आहे.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. २० °से. आणि ४० °से. हीच दोन तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात. सेल्सिअसमध्ये दुप्पट आणि फॅरनहाइटमध्ये दीडपट! निसर्गातील एकाच घटनेची दोन उत्तरे येत असतील, तर तो भागाकार निसर्गाविषयी काही सांगत नाही, केवळ शून्य कोठे ठेवला ते सांगतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये कोणत्याही विशिष्ट पदार्थाच्या गुणधर्मावर अवलंबून नसलेल्या निरपेक्ष तापमानश्रेणीचा प्रस्ताव मांडला, आणि आजच्या केल्विन श्रेणीचा शून्य हा माणसाने निवडलेला नसून निसर्गाचाच आहे. त्या श्रेणीवर कालचे तापमान २९३.१५ आणि आजचे ३१३.१५ येते, म्हणजे वाढ अवघी ६.८ टक्के. दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात कोंडलेल्या वायूचे आकारमान स्थिर दाबाखाली तेवढेच वाढेल. ते खरोखर दुप्पट करायचे असेल, तर वायू सुमारे ३१३ °से. पर्यंत तापवावा लागेल.

---

बाष्पयंत्र

औष्णिक वीजकेंद्राशी संबंधित काम केले असल्यामुळे वरील उत्तराला एक जोड देतो. गुणोत्तरात साधे सेल्सिअस घालण्याची चूक कार्नो कार्यक्षमतेच्या (उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला तत्त्वतः गाठता येणाऱ्या कमाल कार्यक्षमतेच्या) गणितात फार महागात पडते. चंद्रपूर किंवा कोराडी येथे चालतात तशा कोळशावरील केंद्रांसाठी वाफेचे तापमान ५३८ °से. आणि संघनकाचे (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागाचे) ४५ °से. असे नमुन्यादाखल धरू. निरपेक्ष तापमाने ८११ आणि ३१८ केल्विन येतात, आणि कमाल सैद्धांतिक कार्यक्षमता १ वजा ३१८/८११, म्हणजे सुमारे ६१ टक्के. तेथे सेल्सिअसचेच आकडे घातले तर उत्तर ९२ टक्के येते, फॅरनहाइटचे घातले तर ८९ टक्के. तीन श्रेणी आणि तीन उत्तरे, त्यांपैकी अर्थ फक्त पहिल्याला आहे.

५३८ हा आकडा अनेक नव्या अभियंत्यांना विचित्र वाटतो. ५४० किंवा ५५० का नाही, असे ते विचारतात. त्याचे उत्तर रूपांतरातच आहे: अमेरिकी संकल्पनांमध्ये वाफेचे तापमान १००० °फॅ. ठरवले गेले आणि त्याचे सेल्सिअस ५३७.८ होते. मूळचा मोकळा, गोल आकडा रूपांतरानंतर काटेकोर दिसू लागतो. तांत्रिक दस्तऐवजात असा अवघडलेला आकडा दिसला, की तो दुसऱ्या श्रेणीतील गोल आकडा तर नाही ना, हे पाहून घ्यावे.

अमेरिकी पुस्तकांत आणखी एक श्रेणी भेटते, ती रँकिन. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांच्या नावाची ही श्रेणी निरपेक्ष शून्यापासून सुरू होते, पण तिचा अंश फॅरनहाइटएवढा असतो, पाणी ४९१.६७ रँकिनला गोठते. केल्विन आणि रँकिन यांचा शून्य एकच असल्यामुळे त्यांच्यामध्ये कोणताही मिळवायचा आकडा नाही, नुसते १.८ चे गुणोत्तर आहे. धागाकर्त्यांनी मांडलेला भेद या एका जोडीपुरता नाहीसा होतो, तापमान आणि फरक दोन्ही एकाच रीतीने बदलतात. आणि भेद नाहीसा होण्याचे कारण पाहिले, की तो इतरत्र का आहे हेही स्पष्ट होते.

---

दवाखाना

वैद्यकीय बाजूने लिहितो. आपल्याकडे हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये सांगण्याची पद्धत आहे. ‘बाहेर बेचाळीस आहे’ आणि ‘मुलाला एकशे दोन आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच दिवशी बोलली जातात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण आकड्यावरूनच श्रेणी ओळखू येते. गोंधळ होतो तो फरक सांगताना. ‘औषध दिल्यावर ताप दोन अंशांनी उतरला’ असे आई सांगते, तेव्हा तिच्या मनात १०३ वरून १०१ झालेला असतो. सेल्सिअसमध्ये तो ३९.४ वरून ३८.३, म्हणजे जेमतेम १.१ अंशाने उतरला आहे आणि मूल अजून तापलेलेच आहे. परदेशातील डॉक्टरांशी किंवा तिकडे राहणाऱ्या मुलीशी फोनवर बोलताना ‘दोन अंशांनी’ हे सेल्सिअस समजले गेले, तर ऐकणाऱ्याच्या हिशेबाने ताप ३७.४ वर आलेला असतो. त्यामुळे माझा रुग्णांच्या घरच्यांना आग्रह असतो, की किती उतरला हे न सांगता आधी किती होता आणि आता किती आहे, हे दोन्ही आकडे वेळेसह सांगावेत.

‘दर अंशामागे’ असे शब्द ज्या राशीत येतात तेथे गणित उलटे होते, हेही नोंदवावेसे वाटते. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत तापात नाडीचे ठोके दर फॅरनहाइट अंशामागे मिनिटाला सुमारे १० ने वाढतात असे दिलेले असते, आणि सेल्सिअससाठी तोच आकडा सुमारे १८ असतो. सेल्सिअसचा अंश मोठा, म्हणून त्याच्यामागची वाढही मोठी. येथे ५/९ ने गुणले तर उत्तर साडेपाच येईल आणि ते साफ चुकीचे ठरेल.

बाष्पयंत्र यांनी सांगितलेल्या काटेकोर दिसणाऱ्या आकड्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्याच क्षेत्रात आहे. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात निरोगी माणसाचे तापमान ३७ °से. दिले. हा पूर्णांकी आकडा आहे. त्याचे रूपांतर ९८.६ झाले आणि त्यातील दशांशामुळे, जणू ९८.५ म्हणजे कमी आणि ९८.७ म्हणजे ताप, अशी समजूत घट्ट झाली. वास्तविक ३७ हा जवळच्या पूर्णांकापर्यंत घेतलेला आकडा मानला तर ३६.५ ते ३७.५, म्हणजे ९७.७ ते ९९.५ °फॅ. एवढा पट्टा त्यात सामावतो. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांचे सरासरी तापमान ९८.२ °फॅ., म्हणजे ३६.८ °से. आढळले. शिवाय ते दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते, पहाटे कमी आणि सायंकाळी अधिक. तापाची सर्वसाधारण सीमा ३८ °से. मानतात आणि फॅरनहाइटमध्ये तीच १००.४ होते, तो ‘पॉइंट चार’ही रूपांतरातूनच आलेला आहे.

---

सरळमार्गी

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. संख्या टाकली की रूपांतर मिळते, आणि संगणकावरील तक्त्यांमध्ये तर त्यासाठी तयार सूत्र असते. विद्यार्थ्यांना ९/५ आणि ३२ यांत अडकवून ठेवण्यापेक्षा त्यांना हे काम यंत्रावर सोपवू द्यावे असे वाटते.

---

मापनमित्र

गुणाकार यंत्रावर सोपवण्यास माझी काहीच हरकत नाही. परंतु फोनमध्ये ‘५ अंश सेल्सिअस’ टाकले, की तो ४१ हे उत्तर देतो, कारण आपण टाकलेले ५ हे तापमान आहे की तापमानातील वाढ आहे, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो. तक्त्यांतील तयार सूत्रही तेच करते. वर उल्लेखलेल्या बातम्यांमधील ३४.७ हा आकडा असाच, यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवल्याने तयार होतो. प्रश्न ओळखण्याचे काम माणसाकडेच राहते आणि माझा आग्रह तेवढ्यापुरताच आहे.

ज्यांनी ही अडचण ओळखली, त्यांनी आज्ञावलीतच भेद केलेला आहे. पायथन भाषेत ‘पिंट’ नावाचे एकके हाताळणारे साधन आहे. त्यात अंश सेल्सिअस हे एक एकक आणि ‘डेल्टा’ अंश सेल्सिअस हे फरकासाठीचे स्वतंत्र एकक आहे. दोन तापमानांची वजाबाकी केली की उत्तर आपोआप डेल्टामध्ये येते, आणि दोन तापमानांची थेट बेरीज करू पाहिली तर ते त्रुटी दाखवून थांबते. शाळेत हा भेद इतक्या स्पष्टपणे शिकवला गेला तर मला आनंद होईल.

---

द्राक्षबाग

निफाड भागात आमची द्राक्षबाग आहे. आम्हाला हा प्रश्न अंश-दिवसांच्या हिशेबात येतो, त्याविषयी लिहितो. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची, तीतून १० °से. वजा करायचे आणि उरलेले रोज साठवत जायचे. वेलीच्या वाढीला मिळालेल्या उष्णतेचा हा अंदाज असतो. वाइनच्या द्राक्षांसाठी कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये प्रदेशांची जी वर्गवारी केली ती याच हिशेबावर आहे, पण ती फॅरनहाइटमध्ये, ५० °फॅ. हा पाया धरून. सर्वांत थंड प्रदेशाची मर्यादा २५०० आणि सर्वांत उष्ण प्रदेशाची सुरुवात ४००० फॅरनहाइट अंश-दिवस अशी आहे.

आता २५०० चे सेल्सिअस करायचे कसे? प्रत्येक दिवशी पाया वजा झालेला असल्यामुळे हे सर्व फरकच आहेत, म्हणून नुसते ५/९ ने गुणायचे: १३८९. संपूर्ण सूत्र लावले तर १३७१ येते. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, की चूक झाली असे कोणाला वाटतच नाही. ४००० ला खरे उत्तर २२२२ आणि चुकीचे २२०४. चूक दर वेळी १७.८ ची, कारण ३२ चे ५/९ तेवढेच होतात. पण हेच एका दिवसाला करून पाहा. कमाल ३० आणि किमान १४ °से. असेल तर सरासरी २२ आणि अंश-दिवस १२. फॅरनहाइटमध्ये ते २१.६ होतात. त्यांना संपूर्ण सूत्र लावून परत आणले तर उत्तर उणे ५.८ येते, म्हणजे वेल त्या दिवशी उलटी वाढली! मोठ्या बेरजेत दडून बसणारी चूक एका दिवसाच्या गणितात लगेच उघडी पडते. त्यामुळे कोणतेही सूत्र हंगामाच्या बेरजेला लावण्याआधी एका दिवसावर पडताळावे, असे मी आमच्या गटातील तरुणांना सांगत असतो.

कॅलिफोर्नियाची गणना १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर अशी होते, आणि आमची फळछाटणीच ऑक्टोबरच्या सुमारास असते. तेव्हा ती वर्गवारी येथे जशीच्या तशी लावता येत नाही. पण तुलनेसाठी निदान एकके तरी बरोबर हवीत.

---

जुनी_नोंदवही

जुन्या हवामाननोंदींचे संगणकीकरण हा माझा आवडीचा विषय आहे. ब्रिटिश काळातील नोंदी फॅरनहाइटमध्ये असल्यामुळे रूपांतराशी रोजच गाठ पडते. या धाग्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो.

मूळ नोंद पूर्ण फॅरनहाइट अंशात केलेली असेल आणि तिचे सेल्सिअस एका दशांश स्थळापर्यंत काढले असेल, तर त्या सेल्सिअस आकड्यांत दशांशस्थानी ५ कधीच येत नाही. ५० पासून ५९ पर्यंत करून पाहा: १०.०, १०.६, ११.१, ११.७, १२.२, १२.८, १३.३, १३.९, १४.४, १५.०. पुढे हेच चक्र चालू राहते. त्यामुळे सेल्सिअसमधील एखादी लांबलचक तापमानमालिका हाती आली आणि तीत ‘दशांश पाच’ कोठेच दिसला नाही, तर ती मुळात फॅरनहाइटमध्ये, तीही पूर्ण अंशात, नोंदली गेली असावी असे ओळखता येते. अशा आकड्यांतील दशांशाला फार महत्त्व देऊ नये, कारण मूळ नोंदीतच पाव अंश सेल्सिअसपेक्षा अधिक अनिश्चितता असते.

सांख्यिकीविषयीही थोडे लिहितो. महिन्याच्या तापमानांची सरासरी आधी काढून मग रूपांतर केले काय, किंवा प्रत्येक नोंद बदलून मग सरासरी काढली काय, संपूर्ण सूत्राने एकच उत्तर मिळते. प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) मात्र सरासरीपासूनच्या फरकांवर आधारलेले असते, म्हणून त्याला केवळ ५/९, आणि त्याच्या वर्गाला २५/८१. तापमापीची अचूकता ‘अधिक-उणे अर्धा अंश सेल्सिअस’ अशी दिलेली असेल, तर तीही फरकाच्याच जातीची आहे. फॅरनहाइटमध्ये ती अधिक-उणे ०.९ होते. विचलनाला सरासरीने भागून टक्केवारी काढण्याचा मोह काही अहवालांत दिसतो. सेल्सिअस किंवा फॅरनहाइटमध्ये तो आकडा निरर्थक आहे, आणि त्याचे कारण वर ‘दुप्पट उष्ण’च्या उत्तरात आलेलेच आहे.

---

अकरावी_विज्ञान

सर्वांचे आभार. एक शंका मात्र अजून शिल्लक आहे. ‘पिंट’ दोन तापमानांची बेरीज करू देत नाही असे सरांनी लिहिले, आणि सरासरी चालते असे वरच्या प्रतिसादात आहे. पण सरासरी काढताना आधी बेरीजच करावी लागते. मग हे कसे?

---

मापनमित्र

फार चांगला प्रश्न आहे. प्रत्येक राशीत ३२ किती वेळा शिरला आहे, हे मोजून पाहा. एका तापमानात तो एकदा असतो. दोन तापमानांच्या वजाबाकीत एकदा येतो आणि एकदा जातो, म्हणजे शून्य वेळा. दोन तापमानांच्या बेरजेत तो दोनदा असतो, आणि त्या बेरजेला दोनाने भागले की पुन्हा एकदाच उरतो. म्हणून सरासरी हे पुन्हा एक तापमानच असते आणि तिला संपूर्ण सूत्र लागते, २० °से. आणि ८० °से. चे समान वजनाचे पाणी एकत्र केले तर ५० °से. चे पाणी मिळते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेही असेल. नुसती बेरीज मात्र तापमानही नसते आणि फरकही नसतो. द्राक्षबाग यांच्या हिशेबात सरासरीतला एक ३२ पायातल्या ३२ ने कटतो, म्हणून तेथे शून्य.

पाया वजा न करता केलेली बेरीज काही कृषिविषयक तक्त्यांत आढळते, तेव्हा तिच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. समजा, दहा दिवसांच्या सरासरी तापमानांची बेरीज ७१२ फॅरनहाइट दिली आहे. येथे ३२ दहा वेळा आहे, म्हणून आधी ३२० वजा करायचे, ३९२ उरतात, आणि त्यांचे ५/९ म्हणजे २१७.८. एकदाच ३२ वजा केला तर ३७७.८ येईल, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३८ अंश, आणि ७१.२ °फॅ. चा दिवस तर जेमतेम २१.८ °से. चा असतो.